खेळ आधी की चंचलता आधी?

आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील समुपदेशकाकडे आले की एक तक्रार हमखास करतात: अभ्यासाला बसवलं तर दहा मिनिटं टिकत नाही, आणि गेम हातात दिला तर चार तास जागचा हलत नाही. तक्रारीचा पहिला अर्धा भाग ऐकून आपण म्हणतो, मुलाचं लक्ष लागत नाही. दुसरा ऐकून म्हणतो, गेमचं व्यसन लागलंय. मग दोन्ही जोडून निकाल देऊन टाकतो की गेममुळे लक्ष उडालं. हे दोन अर्धे एकमेकांना छेद देतात, हे मात्र सुटून जातं. चार तास एका जागी खिळून बसणाऱ्या मुलाकडे लक्ष नाही असं कसं म्हणायचं? आणि असेल, तर बीजगणिताचं पुस्तक उघडल्यावर ते जातं कुठे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात लक्षाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक आपोआप खेचलं जाणारं: मोठा आवाज झाला, समोर काही हललं, की मान वळते. दुसरं आपण होऊन लावलेलं: समोरची गोष्ट रुक्ष आहे, तिचं फळ लांब आहे, तरी भरकटलेलं मन पुन्हा पुन्हा वळवून तिथे आणायचं. शाळा जवळजवळ सगळी दुसऱ्या प्रकारावर चालते. गेम पहिल्या प्रकाराला सतत खाद्य पुरवतो. मागून येणारे पावलांचे आवाज, नकाशावर उमटणारी खूण, आकसत जाणारं वर्तुळ. मन भरकटायला उसंतच मिळत नाही. चार तास न हलणाऱ्या मुलाचं लक्ष शाबूत असतं. त्याचा लगाम तेवढा त्याच्या हातात नसतो.

म्हणूनच ‘गेमने लक्ष बिघडवलं का’ हा प्रश्न अर्धवट आहे. ज्यांचा लगाम आधीच सैल आहे ती मुलं गेमकडे जास्त ओढली जातात, आणि गेममध्ये गेलेले तास तो लगाम आणखी सैल करतात. हे एक चक्र आहे, आणि गेली काही वर्षं आपण ते फक्त फोनच्या टोकाला तोडू पाहत आहोत. माझं म्हणणं असं, की ते लक्षाच्या टोकाला तोडावं लागेल. आणि त्या टोकाचं बरंचसं काम मुलांचं नसून मोठ्यांचं आहे.

त्याआधी ‘व्यसन’ कशाला म्हणायचं ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं किंवा वाढणं, हे तीन निकष. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि घर, शाळा, नातीगोती यांची त्यापायी ठळक हानी झालेली असावी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तकात हा विकार ‘आणखी अभ्यास हवा’ अशा गटात ठेवला. अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याच पुस्तकाचे निकष अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीतल्या प्रौढांना लावले, तेव्हा विकाराचं प्रमाण ०.३ ते १ टक्क्याच्या आसपास निघालं. किशोरवयीन मुलांच्या पाहण्यांत आकडा याहून मोठा येतो, आणि प्रश्नावली बदलली की तोही बदलतो. पण कोणताही आकडा घ्या, गेम खेळणारी बहुतेक मुलं व्यसनी नाहीत. शनिवारी दुपारभर खेळून संध्याकाळी क्रिकेटला जाणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणण्याने त्याचं भलं होत नाही, आणि ज्याला खरोखर उपचार हवेत तो त्या गर्दीत हरवतो.

चक्राच्या दोन्ही दिशा दाखवणारा महत्त्वाचा अभ्यास सिंगापूरचा आहे. डग्लस जेंटाइल आणि सहकाऱ्यांनी ८ ते १७ वयाच्या ३,०३४ मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. एकदाच केलेल्या पाहणीतून दोन गोष्टी जोडीने दिसतात एवढंच कळतं. तीच मुलं वर्षावर्षाने पुन्हा तपासली, तर आधी काय होतं आणि मागाहून काय आलं हे ताडता येतं. जी मुलं जास्त वेळ खेळत होती त्यांच्या लक्षाच्या तक्रारी पुढच्या टप्प्यात वाढलेल्या दिसल्या. त्यांच्या आधीच्या तक्रारी, वय, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरूनही. आणि ज्यांचं लक्ष आधीपासून अस्थिर होतं किंवा स्वभाव उतावळा होता, ती पुढे जास्त वेळ खेळू लागली. कोंबडी आणि अंडं दोन्ही एकाच खुराड्यात सापडली.

परिणाम किती मोठा, हेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरातल्या १५-१६ वर्षांच्या २,५८७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. सुरुवातीला यांच्यापैकी कुणातही एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, लक्षणं नव्हती. संशोधकांनी गेमसह डिजिटल माध्यमांचे १४ प्रकार धरले आणि दोन वर्षं नोंदी ठेवल्या. जी मुलं यातलं एकही माध्यम सतत वापरत नव्हती त्यांच्यापैकी सरासरी ४.६ टक्क्यांत पुढे लक्षणं दिसली. १४ च्या १४ प्रकार सतत वापरणाऱ्यांत १०.५ टक्क्यांत. प्रमाण दुपटीहून वाढलं, म्हणून हा धोका झटकून टाकता येत नाही. पण सर्वाधिक वापर करणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणांना काही झालं नाही. मग तो दहावा कोण, हे शोधणं भाग आहे.

या दहाव्याला समजून घ्यायचं तर एडीएचडी समजून घ्यावा लागतो. हा मेंदूच्या वाढीशी जोडलेला विकार आहे, तो घराण्यातून मोठ्या प्रमाणात येतो आणि जगभरातल्या साधारण पाच टक्के मुलांत आढळतो. अशा मुलाला लांबचं बक्षीस जवळजवळ दिसत नाही. एडमंड सोनुगा-बार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं आहे की वाट पाहणं हेच या मुलांना असह्य होतं; थोड्या वेळाने मिळणाऱ्या मोठ्या फळापेक्षा आत्ता मिळणारं छोटं फळ ती उचलतात. आता शाळेकडे या मुलाच्या डोळ्यांनी बघा. जूनमध्ये केलेल्या कष्टांचं फळ मार्चमध्ये. वही तपासून येते आठवड्याने. चूक झाली तर वर्गासमोर पाणउतारा. गेममध्ये नेम चुकला तर त्याच क्षणी कळतं, सुधारला तर त्याच क्षणी गुण मिळतात, हरला तर मिनिटाभरात नवा डाव. दिवसभर ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ ऐकणाऱ्या मुलाला ही एकच जागा अशी सापडते जिथे त्याचं लक्ष लागतं आणि वर त्याचं कौतुक होतं. स्क्वॉडमधले तीन सोबती त्याची वाट बघत असतात. वर्गात त्याची वाट कुणी बघत नाही.

उलट दिशेचा, म्हणजे गेमचा लक्षावरचा, परिणाम घडतो तो फोनमधून निघणाऱ्या एखाद्या गूढ लहरीने नव्हे. ‘डोपामिन’ हा शब्द आता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोहोचला आहे. त्याच्या मुळाशी १९९८ सालचा ‘नेचर’मधला एक शोधनिबंध आहे. आठ पुरुषांना रणगाड्याचा एक खेळ खेळायला लावून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा डोपामिन स्रवताना आढळलं. आवडत्या कामात गुंतल्यावर मेंदू हेच करतो; त्यावरून गेम म्हणजे अमली पदार्थ असं ठरत नाही. खरी झीज साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या वाटांनी होते, आणि त्यातली सर्वांत रुंद वाट झोपेची आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं. झोप उशिरा येते, जाग उशिरा येते. मेरी कार्सकॅडन यांनी हे अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलं आहे. या उशिरा येणाऱ्या झोपेतले आणखी दोन तास गेम खातो. अपुऱ्या झोपेचं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात जसं दिसतं, विसराळू, चिडकं, क्षणात भरकटणारं, तसंच एडीएचडीचं मूलही दिसतं. समोरच्या शिक्षकाला फरक ओळखू येत नाही.

इथे महाराष्ट्र सरकारच्या एका निर्णयाचा उल्लेख करायलाच हवा. मुलांची झोप होत नाही, अशी चिंता तेव्हाच्या राज्यपालांनी व्यक्त केल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला आहे. पण ज्यांचं घड्याळ निसर्गाने पुढे सरकवलं आहे ती मुलं आठवी ते बारावीत आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी आजही सकाळी सातच्या घंटेला रांगेत उभी असतात. त्यांची झोप एका बाजूने गेम कुरतडतो आणि दुसऱ्या बाजूने वेळापत्रक. आपण रागावतो फक्त एकावर.

गेमची बाजू घेणारेही विज्ञानाचा हवाला देतात, आणि त्यांचा हवाला खोटा नाही. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलिए यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की वेगवान मारधाडीचे गेम खेळणाऱ्यांचं दृश्य लक्ष इतरांपेक्षा तल्लख असतं, आणि कधी न खेळलेल्यांना दहा दिवस रोज तासभर असा गेम खेळवला, तर त्यांचंही सुधारतं. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वयाच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी ‘एंडेव्हरआरएक्स’ नावाच्या चक्क एका व्हिडिओ गेमला उपचार म्हणून परवानगी दिली. पण या दोन्ही उदाहरणांत काय सुधारलं ते नीट पाहावं. बॅव्हेलिए यांच्या प्रयोगात पडद्याच्या कोपऱ्यातली वस्तू चटकन टिपणं सुधारलं. धड्याच्या सहाव्या पानापर्यंत मन टिकवणं हे वेगळं कौशल्य आहे. ‘एंडेव्हरआरएक्स’च्या चाचणीत संगणकावर मोजलेलं लक्ष वाढलं, पण पालकांनी नोंदवलेल्या रोजच्या वागण्यात तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक पडला नाही. पडद्यावर कमावलेलं लक्ष पडद्याबाहेर सहजी येत नाही. आपल्याला चिंता आहे ती पडद्याबाहेरची.

आता गेम बनवणाऱ्यांकडे वळू, कारण मुलाचा लगाम सैल आहे हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहतो, हे बी. एफ. स्किनरने कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवून कित्येक दशकं झाली. आत काय निघेल ते न सांगणारी गेममधली ‘क्रेट’ नावाची पेटी त्याच तत्त्वावर चालते. रोज हजेरी लावली तरच मिळणारी बक्षिसं, ठरावीक मुदतीत संपणारा पास, खाली घसरणारा रँक, ही सगळी उद्या परत यायला लावण्याची यंत्रणा आहे. बॅटल रॉयल प्रकारात शंभर खेळाडूंचा डाव वीस-तीस मिनिटं चालतो आणि तो थांबवता येत नाही. मध्येच उठलं तर सोबत्यांना तोंडघशी पाडल्यासारखं होतं. ‘पाच मिनिटांत जेवायला ये’ या हाकेवर घरोघरी भांडणं होतात, त्यातली निम्मी या रचनेमुळे होत असावीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ची कंपनी एपिक गेम्सकडून ५२ कोटी डॉलर वसूल करणारा समझोता जाहीर केला. त्यातले २४.५ कोटी फसव्या रचनेने नकळत खरेदी करायला लावल्याबद्दल होते, उरलेले मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या क्रेटसारख्या नशीबपेट्यांना जुगार ठरवलं.

आपण काय केलं? पबजी हा बॅटल रॉयल गेम आला, तेव्हा आधी घाबरलो. फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी त्याला घराघरात शिरलेला राक्षस म्हटलं. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीची याचिका आली. मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी शहरात घातलेली बंदी मोडून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने इतर चिनी अॅपबरोबर पबजीही बंद केला, पण कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. मुलांच्या लक्षाचा त्यात संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी तो बीजीएमआय या नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. दहावीच्या मुलाने रोज तीन तास खेळणं जणू माफकच आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, आणि ते योग्यच झालं. पण किशोरांना खिळवणारे बहुतेक गेम फुकट मिळतात आणि आतल्या सजावटीवर पैसे कमावतात. त्यांच्या गळांना या कायद्याने हात लावलेला नाही.

निव्वळ बंदीने काय साधतं, हे इतरांनी करून पाहिलं आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला. चीनने २०१९ मध्ये मुलांचे तास बांधून दिले आणि २०२१ मध्ये ते शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढ्यावर आणले. २०१९ च्या निर्बंधानंतरच्या अब्जावधी तासांच्या खेळाच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आला, पण अति खेळण्याचं प्रमाण घटल्याचा भरवशाचा पुरावा त्यात मिळाला नाही. एवढी पोलादी यंत्रणा जिथे कमी पडली, तिथे रात्री कपाटात फोन कुलूपबंद करणाऱ्या बापाचं काय होणार?

मग लक्षाच्या टोकाला चक्र तोडता येतं का? एक छोटा कोरियन अभ्यास इथे फार बोलका आहे. २००९ साली डग ह्यून हान आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या, आधी कधी औषध न घेतलेल्या आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ६२ मुलांना आठ आठवडे मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध दिलं. लक्ष सुधारलंच, शिवाय इंटरनेटवरचा वेळही घटला. कुणी त्यांचा फोन काढून घेतला नव्हता. ६२ मुलांवरून सरसकट गोळ्यांचा सल्ला कुणी देऊ नये. तो डॉक्टरांचा निर्णय आहे. पण यातून दिशा स्पष्ट दिसते: लगाम हाताशी आला की ओढ आपोआप कमी होते.

त्यासाठी आधी निदान हवं. डीएसएम-५ नुसार एडीएचडीची काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, तीही घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी. म्हणजे सातवीपर्यंत शांतपणे वाचत बसणारं मूल नववीत, फोन आल्यावर बिघडलं असेल, तर झोप, अभ्यासाची धास्ती, शाळेतली छळवणूक, घरातले ताण हे आधी तपासावं. आणि जे मूल दुसरीपासूनच डबा, पट्टी, वही हरवत आलं आहे, त्याच्याबाबतीत गेम फार उशिरा आलेला पाहुणा आहे. शांतपणे खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली तर कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेतच येत नाहीत. केंद्राच्या २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमध्ये तपासायच्या ३० आजारांच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन-विकार दोन्ही आहेत. तपासणी पथकं शाळेत येतात, वजन-उंची घेतात, दात-डोळे पाहतात. यादीतल्या या ओळीही तितक्याच गांभीर्याने तपासल्या, तर गेमच्या नावाने समुपदेशकाकडे येणारी कितीतरी मुलं चार-पाच वर्षं आधीच मदतीपर्यंत पोहोचतील. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. हेही बदलायला हवं.

यावर कुणी म्हणेल, की अशाने मुलाला मोकळं सोडलं आणि दोष शाळेवर, घरावर ढकलला. मोकळं सोडायचं नाहीच. रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर राहावा, डाव संपल्यावर उठायचं हे आधी ठरावं, क्रेटसाठी आईवडिलांचं कार्ड हाताशी नसावं. हे नियम हवेतच. पण नियम घरातल्या सगळ्यांना लागू असतील तरच टिकतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा शिरस्ता पडला. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की भोंगा आईबापांसाठीही होता. चीनच्या कायद्यात मोठ्यांना काही सोडावं लागत नव्हतं.

बंदी आपल्याला आवडते ती याचसाठी: एका आदेशात काम उरकतं आणि मोठ्यांचा दिनक्रम जसाच्या तसा राहतो. नववी-दहावीचे वर्ग उशिरा भरवायचे तर शाळेला पाळ्या बदलाव्या लागतात. मुलांची नीट तपासणी करायची तर समुपदेशकाच्या पदांवर पैसा खर्चावा लागतो. गेम कंपन्यांना वेसण घालायची तर त्यांच्या रचनेत शिरणारा कायदा लिहावा लागतो. आणि मुलाला पडद्याबाहेर कौतुकाची एखादी जागा द्यायची, मग ती कबड्डीचं मैदान असो, ढोलपथक असो की सायकल दुरुस्तीचं दुकान, तर कुणाला तरी त्याच्यासोबत वेळ घालवावा लागतो. ही सगळी कामं महाग आणि संथ आहेत. फळ लांब असलेल्या कामावर चिकाटीने लक्ष टिकवणं आपण मुलांकडून मागतो. त्यांच्या बाबतीत तेच आता आपल्याला करून दाखवायचं आहे.